पाच नंबरची हाक

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. सोलापुरात हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पाठीमागे बघतो, दुरुस्त करणारा कुठं उभा आहे ते शोधायला. वीस-बावीस वर्षं झाली या धंद्याला. आता मी त्याला पोटभर बघू देते आणि मग पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढते. माहेर होटगीचं. वडील रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. बंद पडलेली वस्तू उघडून बघायची खोड त्यांची, आणि उघडताना मजा वाटण्याची खोड माझी स्वतःची.

दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वी पूर्व भागातल्या एका चादर कारखान्याच्या मालकांचा फोन आला.

"मॅडम, मशीन मेलंय. लवकर या की."

मशीन म्हणजे त्यांच्या डिझाइनच्या खोलीतला कॉम्प्युटर. चादरीवर मोर किंवा कोयरी काढायची तर मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ चढवावी लागते. प्रत्येक कार्डावर ठरलेल्या जागी भोकं असतात. एक कार्ड म्हणजे विणीची एक ओळ. ही भोकं पाडणारं यंत्र या कॉम्प्युटरच्या हुकमावर चालायचं. कॉम्प्युटर माझ्या लग्नाच्या आधीचा. यंत्राचं जे सर्किट कार्ड आत बसायचं, त्याला जुन्या बोर्डावरची लांब काळी खाच लागते, ती नव्या बोर्डांवर नसते. यंत्र बनवणारे कधीच धंदा आवरून गेले होते. त्यामुळे कॉम्प्युटरही जुना आणि त्याच्यावरची ऑपरेटिंग सिस्टीमही गेल्या शतकातली.

ही सगळी जुळणी सांभाळायचे मास्तर. साठी ओलांडलेले, कुंभारीहून रोज बसनं येणारे, बारीक अंगाचे. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि बोलणं इतकं हळू की मागांच्या खडखडाटात त्यांचे ओठच वाचावे लागायचे. मला ते 'अम्मा' म्हणायचे. त्या खोलीत मोबाइलला बंदी होती, कारण मास्तरांनी एकदा क्रिकेट बघता बघता अख्खी कोयरी उलटी पाडली होती. तेव्हापासून मास्तरांचा फोन दिवसभर मालकांच्या टेबलाच्या खणात असायचा.

मी कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डावरची गोल डबडी, म्हणजे कपॅसिटर, फुगून फुटली होती. माझ्या माळ्यावर तसल्या खाचेचा एक जुना बोर्ड होता, तो आणून बसवला. सिस्टीम सुरू झाली, यंत्रानं टकटक भोकं पाडली, मालकांनी हात जोडले. मास्तर मात्र खुर्चीच्या कडेवर बसून माझ्याकडे असे बघत होते, की मी कधी एकदा जाते. मला वाटलं, माणसाला काम फार असेल.

तिसऱ्या दिवशी परत फोन. मी गेले तर मालकांनी टेबलावर चादरीचा नमुना पसरला.

"हे बघा. मोर म्हणून दिलाय. कशाचा मोर हाय हा?"

मोराला पिसारा होता, तुरा होता, पाय होते. मान मात्र उंटाची. मानेची तीच तीच ओळ पुन्हा पुन्हा विणली गेली होती.

मास्तरांनी खाली बघत सांगितलं, "मधेच मशीन थांबतंय अम्मा. 'यंत्राकडून उत्तर नाही' अशी पाटी पडद्यावर येतीय. 'पुन्हा करा' दाबलं की तेच कार्ड परत पाडतंय."

"रोज?"

"रोज नाही." मग थोडं थांबून, "दुपारी."

"दोन वाजले की येडं होतंय," मालक म्हणाले. "मी जेवायला वर जातो, जरा पडतो, आणि खाली येतो तर हे येडं झालेलं. पहाटे चालवा, संध्याकाळी चालवा, शहाण्यासारखं चालतंय."

दुखणं काय असावं याचा मला अंदाज आला. कॉम्प्युटरच्या आतले सगळे भाग, कीबोर्ड, प्रिंटर, हे भोकं पाडणारं यंत्र, आपलं काम झालं की प्रोसेसरला हाक मारतात. हातातलं ठेव आणि इकडं बघ, अशी ती हाक. तिला इंटरप्ट म्हणतात आणि प्रत्येकाच्या हाकेला एक नंबर असतो. जुन्या मशीनमध्ये हे नंबर मोजके. दोघांना एकच नंबर मिळाला की हाक कोणाची ते कळत नाही, आणि कधीकधी दोघांचीही पोचत नाही. यंत्राचं कार्ड कायमचं पाच नंबरवर बांधलेलं होतं. तो पाच नंबर आणखी कोणीतरी वापरत होतं.

पण कोण? सिस्टीमची यादी उघडली तर सगळं आलबेल, एकही धोक्याचं पिवळं चिन्ह नाही. मग मी बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथं बोर्ड विचारतो, नंबर वाटायचं काम सिस्टीम करणार की मी करू? उत्तर होतं, सिस्टीम करेल. आणि सिस्टीमला तर यंत्राचं जुनं कार्ड दिसतच नव्हतं, तिच्या हिशेबी पाच नंबर मोकळा होता. दोन टेबलांच्या सरकारी ऑफिसात होतं तसंच. या टेबलाला वाटतं त्यानं बघितलं असेल, त्या टेबलाला वाटतं यानं. मी बोर्डाला सांगितलं, वाटप तूच कर आणि पाच नंबर कोणाला देऊ नको. मग तासभर बसून कार्डं पाडली. मोराची मान सरळ आणि बेताची आली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा उंट.

मालकांनी कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधली. कोणी सांगितलं व्होल्टेज, कोणी सांगितलं ऊन. मला मात्र चैन पडेना. ऊन तर तीन-चार वाजताही असतं. शिवाय एक बारीकशी गोष्ट खटकत होती. कॅबिनेटच्या मागे एका खाचेची पत्र्याची पट्टी नव्हती. तिथून आत बघितलं तर बाकीच्या खाचांत माझ्या माळ्यावरची धूळ तशीच आणि तेवढी एक खाच लख्ख.

मग एक दिवस मी फोन न करता गेले, बरोबर सव्वा दोनला. मालक वर गेलेले. डिझाइनच्या खोलीचं दार लोटलेलं. मी हळूच ढकललं.

एप्रिलचं सोलापूर, पत्र्याचं छत, पंखा गरम हवा खाली फेकतोय, आणि मास्तर डोक्याला लोकरीची कानटोपी घालून बसलेत. डोळे मिटलेले. मान डोलतेय. उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरतायत, डावा हात आपोआप 'पुन्हा करा' दाबतोय. कानटोपीतून एक काळी वायर निघून कॉलरखालून शर्टात, शर्टातून खाली आणि तिथून थेट कॅबिनेटच्या मागे, त्या लख्ख खाचेत गेली होती.

मी त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"अय्यो!" मास्तर इतके उडाले की कानटोपी टेबलावर पडली. आतला हेडफोन गळ्यात आला आणि त्यातून कुणा बाईचा तेलुगू आवाज बारीक ऐकू यायला लागला.

"मास्तर, कान दुखतोय?"

"लई दुखतोय अम्मा," ते सवयीनं म्हणाले. मग माझा चेहरा बघितला आणि हसूच फुटलं त्यांना. तोंडावर हात धरून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मलाही आवरेना.

सगळी हकिगत बाहेर आली. फोन जप्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एक जुनं साउंड कार्ड मिळवलं होतं आणि स्वतःच बसवलं होतं. गाण्यांची सीडी घरून आणायचे. जुन्या बोर्डावर यंत्र आणि गाणी वर्षानुवर्षं सुखानं नांदली. मी आणलेल्या बोर्डावर सिस्टीमनं साउंड कार्डाला पाच नंबर देऊन टाकला, आणि नंतर मी बोर्डाला केलेली मनाईही तिनं जुमानली नाही. आणि मला ते कार्ड कधी दिसलं कसं नाही? मालक मला फोन करायचे तेव्हा मास्तर शेजारीच असायचे. मी पोचेपर्यंत अर्धा तास. तेवढ्यात मास्तर दोन स्क्रू काढून कार्ड रंगाच्या डब्यात टाकायचे, मी गेले की परत बसवायचे. हात इतका साफ की मला त्यांना शिकाऊ म्हणून ठेवावंसं वाटलं.

"पण गाण्यानं बिघडतंय हे तुम्हाला कळलं नाही?"

"संशय आला होता. गाणं पण मधेच अडखळायचं. मला वाटलं सीडीला ओरखडा गेलाय." मग खालच्या आवाजात, "आणि अम्मा, गाणं अर्ध्यात कसं सोडायचं?"

मी सिस्टीमच्या आत जाऊन तिथंही पाच नंबर राखून ठेवला, साउंड कार्डाला दहा नंबरवर बसवलं, गाणं लावलं आणि यंत्र चालू केलं. दोन्ही चाललं. गाणं वाजतंय आणि कार्डं एकापाठोपाठ एक खाली पडतायत. मास्तरांनी दोन्ही हातांनी मला नमस्कार केला. "मालकांना सांगू नका," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, नाही सांगत.

तेवढ्यात मालक आले. उकाड्यानं झोप लागली नव्हती म्हणे. कॅबिनेट उघडं, मी वाकलेली, आणि त्यांचं बोट थेट नव्या कार्डावर.

"हे काय नवीन?"

मास्तर भिंतीकडे बघायला लागले. मला खरं सांगता आलं असतं. पण तोंडातून निघालं ते असं, "आवाजाचं कार्ड आहे मालक. मशीन चुकलं की ओरडून सांगतं."

"बोलतंय?"

"बोलतं."

"मराठीत?"

"सांगू त्या भाषेत."

मालकांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. "मग बोलवा की!"

"उद्या," मी म्हटलं, आणि घरी येताना स्वतःला चांगलं झापलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी साधा माइक आणि एक स्पीकर घेऊन गेले. चूक दाखवणारी पाटी पडद्यावर आली की सिस्टीम 'टिंग' करते. त्या टिंगच्या जागी माणसाचा आवाज बसवणं सोपं होतं. प्रश्न आवाजाचा. माझा आवाज मालक ओळखणार, मास्तरांचा तर नक्कीच. शेवटी मास्तरांनी नाक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "मालक, थांबा! उत्तर येईना!" पहिल्या तीन वेळा आम्ही दोघंही हसून पडलो. चौथ्यांदा जमलं. आवाज असा आला, जणू पत्र्याच्या पिंपात बसून कोणी तक्रार करतंय.

मालकांना ऐकवलं. "कॉम्प्युटरचा आवाज असाच असतोय," ते अभिमानानं म्हणाले.

आता पंचाईत वेगळीच झाली. मशीन चुकेना. चार दिवस, आठ दिवस, एकही पाटी नाही. मोर मोरासारखे, कोयऱ्या कोयऱ्यांसारख्या. मालक दर तासाला खोलीत डोकावून विचारायचे, "बोललं का?" मास्तर मान हलवून नाही म्हणायचे. आणि मग मालकांचा फोन आला.

"मॅडम, उद्या हैदराबादचे एक व्यापारी यायलेत. त्यांना सांगून बसलोय, आमचं मशीन बोलतंय म्हणून. उद्या एक चूक होऊ द्या की. एकच."

मी इतक्या वर्षांत हजारो चुका काढल्या असतील. चूक घालून द्या म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलं. आणि खरं सांगायचं तर मला ती कल्पना भयंकर आवडली. सकाळी लवकर जाऊन मी आधीचं सगळं काम उलटं केलं. राखून ठेवलेला पाच नंबर मोकळा केला, साउंड कार्ड पुन्हा पाचवर आणलं. एक गाणं आवाज शून्य करून लावून ठेवलं, म्हणजे दोघांची टक्कर होईल, यंत्र अडेल, पाटी येईल आणि मास्तर पिंपातून ओरडतील. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा नीट ओरडलं.

अकराला व्यापारी आले, उंचेपुरे, पांढऱ्या सफारीतले. चहा झाला. मालकांनी खोलीचं दार स्वतः उघडलं. मास्तर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा लावून तयार होते. यंत्र सुरू झालं, सात-आठ कार्डं पडली, आणि ठरल्याप्रमाणे अडलं. पाटी आली.

"आता ऐका," मालक म्हणाले.

स्पीकरमधून आवाज आला, "मा-मा-मा-मा-मा-मा-मा-मा..."

मी विसरले होते की ओरडणारा आवाजसुद्धा त्याच पाच नंबरनं हाक मारतो. सकाळी दोनदा निभावलं होतं, पण या वेळी टक्कर अशी बसली होती की कोणाचीच हाक पोचत नव्हती. आवाजाचा पुढचा तुकडा मागायला साउंड कार्ड हाका मारतंय, त्या ऐकायला कोणी नाही, म्हणून ते बिचारं आहे तेवढाच तुकडा घोळत बसलं. 'मालक'मधला फक्त 'मा'.

"मा-मा-मा-मा-मा-मा..."

"हे मामा कुणाला म्हणतंय?" व्यापाऱ्यांनी गंभीरपणे विचारलं.

मी कीबोर्ड बडवला. काही हलेना. मालक घाईघाईनं यंत्राकडे गेले आणि अर्धवट अडकलेलं कार्ड ओढायला भोकं पाडणाऱ्या खिळ्यांखाली हात घालायला लागले. ते बघून मास्तर घाबरले. त्यांना एवढा मोठा आवाज काढायची सवयच नव्हती. जो एक मोठा आवाज हल्लीच सरावाचा झाला होता, तोच बाहेर पडला, नाकातून.

"मालक, थांबा!"

मालकांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी स्पीकरकडे बघितलं. मास्तरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. स्पीकर आपला मामा-मामा करतच होता. मी वाकून प्लग ओढला.

व्यापारी आधी गालात हसले, मग पोट धरून. "भारी मशीन हाय तुमचं," म्हणत नमुने बघायला बाहेर गेले. मालक दारात क्षणभर थांबून हळू आवाजात म्हणाले, "मामा कोन झालाय ते कळलं मला. तुमी दोघं बसा हितंच."

आम्ही दोघं बसलो. मास्तर टेबलावरची धूळ बोटानं गोळा करत होते. मालकांनी माझ्यावर इतका विश्वास टाकला होता की मी सांगितलं असतं तर लिंबू-मिरचीसुद्धा त्यांनी कॅबिनेटच्या आत बांधली असती. गंमत म्हणून सुरू केलेलं मी, आणि पाहुण्यांसमोर तोंड त्यांचं उतरलं.

तासाभरानं मालक आले आणि स्टूल ओढून समोर बसले. मी सगळं सांगितलं. साउंड कार्ड, रंगाचा डबा, कानटोपी, नाकाची चिमटी, सकाळी मुद्दाम लावून दिलेली टक्कर. काही लपवलं नाही. शेवटी मालकांनी मास्तरांकडे वळून तेलुगूत एवढंच विचारलं, "एम पाटलू?" म्हणजे, कसली गाणी?

मास्तरांनी सीडी पुढं केली. मालकांनी ती उलटून बघितली, नाक मुरडलं. "ही? ही गाणी ऐकायला इतकं केलं?"

त्यांनी जी शिक्षा सुनावली ती कोणालाच अपेक्षित नव्हती. हेडफोन बंद. स्पीकर भिंतीवर. गाणी उघडपणे वाजणार, पण एक दिवस मास्तरांची आणि एक दिवस मालकांची. मी त्याच दुपारी नंबर पुन्हा वेगळे करून दिले. मालकांची आवड म्हणजे तास-तासभर चालणारी प्रवचनं निघाली. मास्तर मला नंतर सांगायचे, "अम्मा, सोमवार चांगला जातो. मंगळवारी मला खरंच कान दुखतोय."

महिन्याभरानं मालक स्कूटरवरून माझ्या दुकानात आले. दुपारचे अडीच वाजले होते, त्यांच्या झोपेची वेळ.

"तो पाच नंबर म्हणजे नेमकं काय, ते मला दाखवा," म्हणाले.

मी एक मेलेला बोर्ड काउंटरवर ठेवला. खाच कुठं, प्रोसेसर कुठं, हाक कशी जाते, कोण कोणाला नंबर देतं, सगळं दाखवलं. ते चष्मा वर-खाली करत बघत होते. माग चालवलेला माणूस, त्यामुळे प्रश्न नेमके. "दोघांना नंबर वाटायचा हक्क दिलाच कशाला? एकालाच द्यायचा की." मी म्हटलं, हे बनवणाऱ्यांना विचारायला पाहिजे होतं. ते हसले. चहा घेतला. उठताना दारात थांबले.

"एक सांगा मॅडम. तुमी मला पहिल्याच दिवशी खरं का नाही सांगितलं? मी काय मास्तरांना काढलं असतं व्हय?"

मी मास्तरांना दिलेल्या शब्दाचं कारण सांगू शकले असते. पण ते अर्धंच खरं होतं.

"मजा येत होती, मालक," मी म्हटलं.

स्कूटरची किल्ली खिशात चाचपत ते म्हणाले, "व्हय. मला पण आली. पण व्यापाऱ्यापुढं नको होतं."

मी म्हटलं, "नको होतं," आणि ते मी मनापासून म्हटलं.